पहिली पानं शेवटी

भिंगकाकांना कुणी नमस्कार केला तर ते आधी त्या माणसाच्या हातांकडे बघत, मग चेहऱ्याकडे, आणि सगळं तपासून झाल्यावर मान जराशी हलवत. पूर्ण नमस्कार नाहीच. हा आज का करतोय? काल तर केला नव्हता!

खोटं सांगत नाही. दूधवाल्याने एकदा माप भरून वर थोडं दूध जास्त घातलं, तर हे गृहस्थ पुढचे आठ दिवस दूध उकळेपर्यंत शेगडीपाशी उभे. डॉक्टर म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे." घरी येऊन काकूंना म्हणाले, "काहीतरी लपवतोय." काकू म्हणजे त्यांची बायको. छत्तीस वर्षं या संशयाबरोबर संसार केलेली बाई. ती म्हणाली, "मग दुसऱ्या डॉक्टरकडे जा." तर म्हणाले, "ते दोघं एकमेकांना ओळखत असले तर?" काकू उठून कपडे वाळत घालायला निघून गेल्या.

पण एक कबूल करायला हवं. याच खोडीवर त्यांचं घर चाललं. एका जुन्या छापखान्यात ते प्रूफं तपासत. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात लाल पेन, आणि समोर दुसऱ्याने लिहिलेलं काहीतरी. या धंद्यात शब्दावर विश्वास टाकला की चूक निसटलीच म्हणून समजा. भिंगकाका कुणावरच विश्वास टाकत नसत, त्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक स्वच्छ बाहेर पडे. भिंगकाका हे नाव छापखान्यातच पडलं आणि तिथून घरापर्यंत चालत आलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच.

त्यांचा एक नियम होता. पुस्तक कुणाचं आहे, नाव काय आहे, हे त्यांना आधी सांगायचं नाही. त्याला कारण घडलं होतं. फार वर्षांपूर्वी एका बड्या लेखकाची कादंबरी आली. नाव वाचूनच काका दबले, म्हणाले एवढा मोठा माणूस, याचं काय तपासायचं? पुस्तक छापून बाहेर पडलं, आणि चौथ्या प्रकरणात वारलेले आजोबा सहाव्या प्रकरणात जेवायला बसलेले! वर 'भाजीत मीठ कमी आहे' म्हणून कुरकुरत होते. वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला. त्या दिवशी काकांनी कानाला खडा लावला. मालकांनाही सोयीचंच होतं, कारण पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, प्रस्तावना वगैरे पहिली पानं छापखान्यात तशीही सगळ्यात शेवटी तयार होतात. तेव्हा काकांच्या टेबलावर नुसता मजकूर यायचा, सोळा सोळा पानांचा गठ्ठा. त्याला फर्मा म्हणतात. मूळ हस्तलिखिताशी ताडून बघायचं काम संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या ताई करायच्या. काकांनी फक्त छापलेलं बघायचं आणि संशय घ्यायचा.

असाच एक फर्मा आला. एक घर. घरात म्हातारी आई, थोरला मुलगा, त्याची बायको, आणि नदीपलीकडे दिलेली धाकटी मुलगी. नावं कुणालाच नव्हती. 'थोरला', 'धाकटी', 'थोरल्याची बायको', असंच सगळं. काकांना ते आवडलं. नावं नसली की नावांच्या चुका नसतात.

दुसऱ्या फर्म्यात थोरला आणि धाकटी भांडले. धाकटी म्हणत होती, आईला मी घेऊन जाते, थंडीचे दोन महिने माझ्याकडे राहील. थोरला म्हणाला, मी काय मेलोय? धाकटी तरातरा निघून गेली आणि वर्षभर माहेरी फिरकली नाही.

काकांचं लाल पेन थांबलं. मनात पाल चुकचुकली.

कारण हे भांडण त्यांच्या घरात झालं होतं. हेच. याच शब्दांत. बावीस वर्षांपूर्वी.

"ताई," त्यांनी संगणकवाल्या ताईंना विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"काका! तुमचाच नियम ना, सांगायचं नाही म्हणून? मालकांनी मला बजावलंय."

"बाई लिहिणारी आहे की पुरुष?"

"सांगणार नाही," ताई म्हणाल्या आणि हसल्या. आता ती बिचारी चेष्टेने हसली. पण काकांना ते हसू अजिबात आवडलं नाही. हिलाही माहीत आहे, असं त्यांनी मनात लिहून ठेवलं.

तिसऱ्या फर्म्यात म्हातारी आजारी पडली. आणि इथे सगळी गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढे काका असे का वागले ते कळणार नाही.

बावीस वर्षांपूर्वी काकांची आई अंथरुणाला खिळली. आवाज खोल गेला होता, पण शुद्ध होती. एके दुपारी तिने सुनेला जवळ बोलावलं आणि चिठ्ठी लिहायला सांगितली. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. धाकटी, म्हणजे काकांची बहीण, तेव्हा दूरच्या गावी, आणि घरी फोन नव्हता. काकूंनी लिहिलं, दोनच ओळी. 'ये. मी तुझी वाट बघते आहे.' पाकिटावर पत्ता घातला आणि सकाळी कामावर जाताना नवऱ्याच्या हातात दिलं. पोस्ट वाटेवरच होतं. काकांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि पोस्टावरून सरळ पुढे गेले.

का? तर ती येईल, आईचे हाडांवर आलेले हात बघेल आणि म्हणेल, बघ दादा, मी म्हणत नव्हते? एवढंच. एवढ्याशा टोचणीला भिऊन माणूस पोस्टावरून पुढे गेला. उद्या टाकू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी काकूंना सदरा धुवायला घेताना ते पाकीट खिशात सापडलं. "अहो, हे टाकलं नाहीत?" "उद्या टाकतो म्हटलं ना!" पण आई काही त्या उद्यापर्यंत थांबली नाही.

मग तार गेली. धाकटी आली, रडली, आणि सगळं आटोपल्यावर तिने एकच विचारलं, "दादा, आईने माझं नाव काढलं का रे?" काका म्हणाले, "झोपेतच गेली. कुणाचंच नाव नाही काढलं." काकू दारात उभ्या होत्या. त्याही गप्प बसल्या. पाकीट काकांनी नंतर बंबात घातलं.

तेव्हापासून धाकटीच्या मनात एकच घट्ट बसलं, आई आपल्यावर रागावूनच गेली. पुढे ती याच शहरात राहायला आली, येणं-जाणं सुरू झालं, पण बोलता बोलता कधीतरी म्हणायचीच, "माझ्यावर राग होता तिचा. शेवटी आठवणसुद्धा नाही काढली." काका तेव्हा वर पंख्याकडे बघायचे.

आणि आता तिसऱ्या फर्म्यात काय होतं? म्हातारीने हातातलं तांब्याचं कडं काढून थोरल्याला दिलं. म्हणाली, धाकटीला हे दाखव, म्हणजे ती येईल. थोरल्याने कडं कमरेच्या वस्त्रात खोचलं आणि नदीकडे गेलाच नाही. तीन दिवस!

भिंग खाली ठेवून काका पाणी प्यायले आणि परत वाचलं. तीन दिवस. मोजून तीन.

बरं, त्या पुस्तकात दुसरंही काय काय होतं. कधी न ऐकलेली झाडं होती. कुठलं तरी धान्य, ते बायका उखळात दोघी-दोघी मिळून कांडायच्या. लग्नात मुलीच्या बापाला गुरं मोजून द्यायचे. गोल घरं होती, पूर्वजांशी बोलणारा एक म्हातारा होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हे आपल्याकडचं नाही बुवा. पण भिंगकाका ते! त्यांनी मनाशी मान डोलावली. वा! काय लबाडी आहे! चिठ्ठीचं कडं केलं, पोस्टाची नदी केली, सदऱ्याचा खिसा कमरेला नेला, आणि वर ही झाडं आणि गुरं पेरून ठेवली, कुणाला ओळख पटू नये म्हणून. डोळ्यांत धूळ फेकायचे धंदे! सदतीस वर्षं हेच करतोय, मला फसवता काय?

आता प्रश्न एकच. सांगितलं कुणी?

चिठ्ठी माहीत असलेली माणसं जगात दोन. एक ते स्वतः. त्यांनी दगडासारखं तोंड मिटून ठेवलं होतं. उरली दुसरी.

त्या संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या तर काकांनी कप हातात घेतला नाही. "ठेव तिथे," म्हणाले.

"काय झालं?"

"काही नाही. तू सांग, काय झालं."

"मला काय व्हायचंय?"

"तेच म्हणतो," काका म्हणाले आणि तिच्याकडे असं बघत राहिले की काकूंनी पदर तपासून पाहिला, कुठे काही सांडलंय का म्हणून.

मग पाळत सुरू झाली. काकू कुणाशी बोलतात, किती वेळ बोलतात, आपण आलो की गप्प होतात का. शेजारीण वाटी परत करायला आली तरी काका दाराआड. आणि मग एकदम लख्ख आठवलं, दर गुरुवारी दुपारी ही कापडी पिशवी घेऊन बाहेर जाते! कुठे, ते इतक्या वर्षांत आपण विचारलंच नाही. आपण, ज्यांनी दूधवाल्याला सोडलं नाही!

गुरुवारी काकांनी अर्धी रजा टाकली. डोक्याला मफलर गुंडाळला, तोही भर उन्हात, आणि बायकोच्या मागे वीस पावलं ठेवून निघाले. वाटेत दोघांनी "काय काका, बरं नाही का?" म्हणून विचारलं. काकू वळल्या नाहीत हे नशीब. सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या त्या चढल्या. काका खिडकीशी. आत टेबलापाशी पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची एक बाई बसली होती. काकू तिला काहीतरी सांगत होत्या, आणि ती बाई मान खाली घालून भराभर लिहून घेत होती.

सापडली! काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. लिहून घेतेय! आपल्या डोळ्यांदेखत!

रात्रीपर्यंत धीर कुठला निघायला. काकू दारातून आत येतात तोच त्यांनी गाठलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय किती दिवस?"

"माझ्या घरातलं बाहेर नेऊन सांगणं. ती चष्मेवाली बाई. लिहून घेत होती, मी बघितलंय!"

काकू आधी चक्रावल्या, मग काकांच्या डोक्याला अजून गुंडाळलेला मफलर त्यांना दिसला आणि तोंडाला पदर लावून त्या हसल्याच. "अहो, ती ग्रंथपाल आहे! रजिस्टरात पुस्तकाचं नाव लिहीत होती. मी दर गुरुवारी पुस्तक बदलून आणते."

"एवढा वेळ? एवढं मोठं नाव असतं का पुस्तकाचं?"

"तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला तरी कळतंय का?"

मग काकांनी सांगितलं. आईची चिठ्ठी एका कादंबरीत आली आहे. तीन दिवस, खिसा, सगळं. महिन्याभरात पुस्तक बाहेर पडेल. आणि धाकटी! वाचनालयात नवं पुस्तक आलं की पहिलं नाव तिचं लागतं. कपडे शिवता शिवता मांडीवर पुस्तक ठेवून वाचणारी बाई ती. ती हे वाचणार आणि तिला एका मिनिटात कळणार.

काकूंचं हसू मावळलं. त्या खुर्चीवर बसल्या. "मी कुणाला नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं माझ्या पोटात ते तसंच पडलंय. कितीदा ओठांवर आलं. पण सांगितलं तर तिचा भाऊही जाईल म्हणून गिळलं. आणि माझीही लाज होती त्यात. त्या दिवशी पाकीट तुमच्या हातातून ओढून मीच धावत जायला हवं होतं."

"मग त्या लिहिणाऱ्याला स्वप्न पडलं काय?"

"ते मला नाही माहीत."

"खोटं," काका म्हणाले. "छत्तीस वर्षांत तुझ्यावर डोळे झाकून विश्वास टाकला," (हे मात्र धादांत खोटं होतं) "त्याचं हे फळ."

काकू उठल्या. आत गेल्या. त्या दिवसापासून घरात दोन माणसं आणि चार वाक्यं उरली. जेवायला वाढलंय. आलो. किल्ली कुठे? खुंटीला.

आठवडाभराने काकांनी ठरवलं, आता वाट बघायची नाही. पुस्तक धाकटीच्या हातात पडण्याआधी आपणच जायचं आणि सांगायचं, त्यातलं काही खरं मानू नकोस. तपासनिसाची अक्कल ती! चूक छापून येण्याआधीच दुरुस्त करायची.

रविवारी सकाळी ते धाकटीकडे गेले. तिच्या घराची पुढची खोली म्हणजेच तिचं शिवणाचं दुकान. भिंतीवर कापड बेतायच्या कागदी नमुन्यांचे गठ्ठे टांगलेले, खाली चिंध्यांची टोपली. धाकटी मशीनवर एका परकराची किनार मारत होती. तिने वर न बघता म्हटलं, "ये दादा. एवढी किनार झाली की चहा टाकते. आज इकडे कुठे वाट चुकलास?"

"सहज."

"तू आणि सहज? बस. काय झालं बोल."

काका स्टुलावर बसले. घसा खाकरला. "एक पुस्तक येतंय. आमच्याकडेच छापतोय."

"बरंय की. कसलं आहे?"

"तेच सांगायला आलो. तुझ्या हातात पडेल. त्यात एका घराबद्दल लिहिलंय. वाचून तुला काही भलतंच वाटेल. ते खरं नाही. कुणीतरी उगाच रचलंय, आपल्यावर चिखल उडवायला."

मशीन चालूच होतं. "आपल्यावर? आपण कोण मोठे लागून गेलो रे, कुणी पुस्तकात घालायला?"

"चेष्टा करू नकोस. त्यात असं आहे की थोरल्याने निरोप पोचवलाच नाही. मी ती चिठ्ठी खिशात ठेवली म्हणून. तीन दिवस वगैरे. साफ खोटं आहे."

धाकटीने हाताने चाक धरलं. मशीन थांबलं.

"कुठली चिठ्ठी?"

आता बघा. एवढा आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतलं नको ते हेरणारा माणूस. पण स्वतःच्या तोंडातून काय गेलं ते त्याला तिचा चेहरा बघितल्यावर कळलं. तिला काही माहीत नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते आत्ता, स्टुलावर बसून, त्यानेच.

"दादा, कुठली चिठ्ठी?"

काका म्हणाले, "ते पुस्तकात..."

"पुस्तक राहू दे. चिठ्ठी होती? आईची?"

त्यांनी मान हलवली. हो.

"मला?"

हो.

धाकटीने परकराच्या किनारीवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "काय होतं त्यात?"

"'ये. मी तुझी वाट बघते आहे.'"

तिने डोळ्यांना हात लावला नाही. पाणी गालावरून वाहत कापडावर पडलं. "म्हणजे रागावली नव्हती," ती म्हणाली. जरा वेळाने परत म्हणाली, "रागावली नव्हती ती. बावीस वर्षं मी..." काकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"त्या तीन दिवसांत काय म्हणत होती?" तिने विचारलं. "सांग. सगळं सांग मला."

काकांना वाटलं, आता एवढं तरी द्यावं हिला. ते बोलायला लागले, आणि नवल म्हणजे शब्द आपोआप येत गेले. "तोंड सारखं वाटेकडे. बाहेर पाऊल वाजलं की विचारायची, आली का ग? तिच्या आवडीचं काहीतरी रांधून ठेवा म्हणायची. तिसऱ्या दिवशी तर केस विंचरून घेतले, म्हणाली पोर येईल, मला अशी बघून घाबरेल. आणि बाहेर त्या झाडाखाली बायका धान्य कांडत होत्या, तर म्हणाली..."

काकांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

धाकटी त्यांच्याकडे एकटक बघत होती. "कुठल्या झाडाखाली, दादा? आपण तिसऱ्या मजल्यावर राहायचो."

मशीनवरचा दोरा हलत होता, तेवढाच.

"हे आपल्या आईचं सांगतोयस की पुस्तकातल्या?"

"पुस्तकातल्या," काका म्हणाले.

"आणि आपली?"

"मला माहीत नाही ग. मी छापखान्यात होतो. घाईचं काम होतं. घरी आलो की ती झोपलेली असायची." मग त्यांनी तेही दुरुस्त केलं. "ती झोपेपर्यंत मी घरी यायचोच नाही."

धाकटीने परकर बाजूला ठेवला. ती ओरडली असती, काहीतरी फेकून मारलं असतं, तर काकांना बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तू जा आता. वहिनीला पाठव. ती होती तिच्याजवळ."

काका रस्त्यावर आले. घरी कुठल्या तोंडाने जाणार? ते छापखान्याकडे गेले. काम अंगावर आलेलं, म्हणून रविवार असूनही मालक येऊन बसले होते. "बरे आलात," मालक म्हणाले. "तुमच्या कादंबरीची पहिली पानं तयार आहेत. तेवढी नजर घाला."

काकांनी ती हातात घेतली. नाव वाचलं. खाली लेखिकेचं नाव. त्यांनी ते उच्चारायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आफ्रिकेतल्या एका देशातली बाई. त्याखाली भाषांतर करणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. आणि पान उलटल्यावर, मूळ पुस्तक पहिल्यांदा छापलं ते वर्ष. काकांनी बोटांवर हिशोब केला. एक्केचाळीस वर्षं. त्यांची आई तेव्हा धडधाकट होती, बाजारातून दोन पिशव्या उचलून तीन मजले चढत होती. काकांचं तर लग्नही झालं नव्हतं.

"हे... तिकडचं आहे?"

"अहो, अख्खी ग्रंथमालाच काढतोय आपण. आफ्रिका आणि आशियातल्या कादंबऱ्या," मालक म्हणाले. "तुम्हाला कळलं कसं नाही? ती झाडं, ती गुरं, ते गोल घर?"

काकांनी पान परत उलटलं. काय सांगणार? की एवढी झाडं आणि गुरं मला दिसलीच नाहीत, मला फक्त तो थोरला दिसत होता?

मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर उरला होता. 'आफ्रिका आणि आशियातल्या साहित्यात तिथल्या संस्कृतीचं आणि परंपरांचं प्रतिबिंब पडतं. एका दूरच्या, अनोळखी जगाचं दर्शन घडवणारी कादंबरी.' एकही चूक नव्हती. काना जागेवर, मात्रा जागेवर. तरी काकांनी पेन उचललं आणि 'अनोळखी' या शब्दाभोवती लाल गोल केला.

"काय झालं? शब्द चुकलाय?" मालकांनी विचारलं.

"शब्द बरोबर आहे," काका म्हणाले. "पण काढा तो."

तिथून मात्र ते सरळ घरी गेले. काकू पलंगावर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. काका उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले.

"पुस्तक तिकडचं निघालं. आफ्रिकेतलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं."

काकूंनी घडी पुरी केली. "मग?"

"मी तुला नाही नाही ते बोललो."

"बोललात."

"चुकलो."

छत्तीस वर्षांत हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. काकूंनी तो ऐकला आणि पुढची चादर घेतली. मग काकांनी उरलेलं सांगितलं. धाकटीकडे गेलो होतो. आपल्याच तोंडाने सगळं बाहेर पडलं. तिला काही माहीत नव्हतं. आता तिने तुला बोलावलंय, आईच्या त्या तीन दिवसांचं ऐकायला.

चादर काकूंच्या हातातच राहिली. "चिठ्ठीचं कळलं तिला?"

"हो."

"रडली?"

"हो. म्हणाली, आई रागावली नव्हती म्हणजे."

काकूंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले, चपला पायात सरकवल्या. काकाही घाईने वळले. "मीही येतो."

"नको."

"मग... मला एवढं तरी सांग. आई काय म्हणत होती?"

काकू दारात थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच काकांना सोसवेना.

"बावीस वर्षं मी याच घरात होते," त्या म्हणाल्या. "सगळ्या जगाला प्रश्न विचारलेत तुम्ही. हा एक मला कधी विचारला नाहीत. आता मी ते आधी तिला सांगणार आहे. त्यातलं तुम्हाला काय सांगायचं, ते तिने ठरवायचं."

आणि त्या जिना उतरून गेल्या.